टीईटीचा अभ्यास कोणत्या वेळेत?

‘नोकरीतल्या शिक्षकांना टीईटीची भीती कशाला?’ हे वाचकपत्र वाचले. शिक्षक पात्रता परीक्षेला (टीईटी) माझा विरोध नाही. पहिली ते आठवीला शिकवणाऱ्या आणि निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ असलेल्या शिक्षकांनी दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण व्हावे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी दिला. खुल्या प्रवर्गाला १५० पैकी ९० गुण हवेत. ते आम्ही मिळवू. पण ‘रात्री दोन तास बसले की झाले’ हा पत्रलेखकाचा हिशेब कुरखेडा तालुक्यातल्या द्विशिक्षकी शाळेला लागू पडत नाही. एका खोलीत दोन-तीन इयत्ता, घरी गोंडी बोलणारी पहिलीची मुले, पोषण आहाराच्या नोंदी, रोजची ऑनलाइन माहिती. सहकारी प्रशिक्षणाला गेला की सारी शाळा एकट्यावर.

शिक्षण हक्क कायद्याचे कलम २७ जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका वगळता इतर अशैक्षणिक कामांना मनाई करते. प्रशासनाने ते काटेकोर पाळावे, सुट्टीच्या दिवशी तालुक्यातच मार्गदर्शन वर्ग घ्यावेत आणि परीक्षेआधी अभ्यासरजा द्यावी. आमच्या अभ्यासाचे तास मुलांच्या तासिकांतून कापले जाऊ नयेत, एवढीच मागणी आहे.

– एक प्राथमिक शिक्षिका, कुरखेडा (जि. गडचिरोली)