तक्रार प्राधिकरण ओस पडू देऊ नका

नोव्हेंबर 2017. चोरीच्या गुन्ह्यात धरलेला एक तरुण सांगलीत पोलिसांच्या ताब्यातच मेला. तो पळून गेल्याचे सांगितले गेले. प्रत्यक्षात मृतदेह आंबोलीला नेऊन जाळल्याच्या आरोपावरून पोलिसांनाच अटक झाली. नातेवाईक हटले नाहीत, शहर खवळले. पण ज्याच्यामागे शहर उभे राहत नाही, त्याने काय करायचे? ज्या ठाण्यात मार खाल्ला, तिथल्याच अंमलदारापुढे बसून फिर्याद लिहून द्यायची?

त्यासाठीच राज्य पोलीस तक्रार प्राधिकरण आहे. निवृत्त पोलीस महासंचालक प्रकाश सिंह यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 22 सप्टेंबर 2006 रोजी राज्यांना असे प्राधिकरण नेमण्याचा आदेश दिला. मागणी खाकीतूनच आली होती, हे ‘पोलिसांचे खच्चीकरण’ म्हणून ओरडणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे. महाराष्ट्राने 2014 मध्ये पोलीस कायदा दुरुस्त केला, पण प्राधिकरणाचे काम सुरू व्हायला 2017 उजाडले. विभागीय प्राधिकरणे तर वर्षानुवर्षे कागदावरच राहिली.

अध्यक्ष उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती, सदस्यांत नागरी समाजातली एक व्यक्ती. कोठडीतला मृत्यू, गंभीर दुखापत, बलात्कार, बेकायदा अटक, खंडणी, घर-जमीन बळकावणे, या सगळ्याची चौकशी ते करू शकते. तक्रार पीडिताने करावी किंवा त्याच्या वतीने कुणीही. प्राधिकरण स्वतःहूनही दखल घेऊ शकते.

उणिवा आहेत. सदस्य-सचिव पोलीस खात्यातलाच अधिकारी, आणि लेखी कारण देऊन सरकार अहवाल नाकारू शकते. पण उणिवांपेक्षा मोठा धोका उपेक्षेचा आहे. अशी संस्था कुणी जाहीरपणे मोडत नाही. मुदत संपलेल्या सदस्याची जागा भरायची नाही, माणसे द्यायची नाहीत, अहवालावर वर्षभर बसायचे. एवढे केले की ती आपोआप मरते. मग ‘तक्रारीच येत नाहीत’ म्हणायला सगळे मोकळे.

म्हणून तक्रारी जाऊ द्या. तारीख, वेळ, ठाणे, वैद्यकीय कागद जोडून लेखी द्या, पोच घ्या. ठाण्यातले सीसीटीव्ही चित्रण जपण्याची लेखी मागणी लगेच करा. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2020 मध्ये हे कॅमेरे सक्तीचे केले आहेत. वकील संघांनी ठराव करावेत. तालुक्याच्या पत्रकारांनी माहिती अधिकारात तीनच प्रश्न विचारावेत: किती जागा रिकाम्या, किती अहवाल सरकारकडे पडून, किती जणांवर कारवाई? खोट्या आरोपातून निर्दोष सुटण्याची विश्वासार्ह जागाही हीच, म्हणून प्रामाणिक हवालदारानेही या मागणीत सामील व्हावे.

तुमच्या आमदाराला येत्या अधिवेशनात विचारायला लावा: आमच्या विभागाचे प्राधिकरण कुठे बसते आणि त्यावर आज कोण आहे?