दारूमुक्तीची बैठक गावातच हवी
दारू सुटते उपचारकेंद्रात. ती सुटलेली राहावी लागते गावात. अवचट दाम्पत्याने १९८६ साली पुण्यात उभारलेल्या ‘मुक्तांगण’सारख्या संस्थेतून केंदूरला परतणाऱ्यास जुनेच सोबती भेटतात. ‘अल्कोहोलिक्स अनॉनिमस’ची १९३५पासूनची रीत साधी आहे : समदुःखींनी नियमित एकत्र बसावे, केवळ आजचा दिवस न पिण्याचा निश्चय करावा, शुल्क नाही, नावाची वाच्यता नाही. वैद्यकीय उपचारांना हा पर्याय नव्हे. त्यांना लाभलेली जोड होय. मात्र खेड्यात नाव लपत नाही; म्हणून गोपनीयता राखण्याचे दायित्व साऱ्या गावाचे. संत कान्हो पाठकांच्या केंदूरला सत्संग नवा नाही. मग आठवड्यातील एक सायंकाळ या बांधवांसाठी का नसावी?