आधी घरचा डोंगर

विद्यार्थी मित्रांनो, पर्वत कसे बनतात असे विचारले, की तुम्ही भूपट्टांची टक्कर आणि हिमालय सांगता. पण अमरावती-अकोल्याच्या उत्तरेचा गाविलगड डोंगर तसा घडलेला नाही. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी प्रावरणातून वर आलेला लाव्हा थरावर थर पसरून थिजला. तोच आपला काळा बेसाल्ट. पुढे डोंगराच्या पायथ्याशी भूकवच भंगले, दक्षिणेची बाजू खचली आणि तो खोलगट भाग पूर्णेच्या गाळाने भरला. म्हणून शिक्षकांना विनंती, चिखलदऱ्याच्या सहलीत नुसते ‘पॉइंट’ दाखवू नका. वाटेत थांबून समोरच्या कड्यातले जवळजवळ आडवे थर मुलांना मोजू द्या. घरचा डोंगर वाचता आला, की हिमालय पाठ करावा लागणार नाही, तो समजेल.