पहिला वार घरातल्यावर

११ ऑक्टोबर २००२, शुक्रवार. सोलापुरात त्या दिवशी बंद होता. अमेरिकेतले जेरी फॉल्वेल नावाचे ख्रिस्ती धर्मोपदेशक त्याच आठवड्यात टीव्हीवरच्या मुलाखतीत पैगंबरांविषयी वाटेल ते बोलले होते. त्यांच्या निषेधाचा तो बंद. फॉल्वेल यांनी सोलापूरचे नावही कधी ऐकले नसावे. बोलणारा ख्रिस्ती, दुखावले मुसलमान, आणि दंगल पेटली ती हिंदू-मुसलमानांत. माणसे मेली, दुकाने जळाली, संचारबंदी लागली. दुसऱ्या दिवशी फॉल्वेल यांनी माफी मागितली. ती इथल्या मेलेल्यांच्या काय कामाची?

हे ज्या शहरात घडले, त्या शहरात चार हुतात्म्यांचे पुतळे उभे आहेत. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा. चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात एकाच दिवशी फाशी झाली. सोलापूर जिल्ह्यात सलोख्यावरचे एकही भाषण ही चार नावे घेतल्याशिवाय पुरे होत नाही. घ्यावीत, जरूर घ्यावीत. पण भाषणांतल्या नावांनी दंगल थांबत असती, तर २००२ मध्ये सोलापूर पेटलेच नसते. म्हणून आधी आमच्याच बाजूच्या गोडबोल्यांचा हिशेब करतो.

‘सगळे धर्म शेवटी एकच सांगतात’ हे त्यांचे आवडते वाक्य. ते खरे नाही. मूर्ती पुजणे एकाला परमभक्ती वाटते, दुसऱ्याला घोर पाप. पुनर्जन्म एकाच्या धर्माचा पाया आहे, दुसऱ्याच्या धर्मात त्याला जागाच नाही. सगळे एकच सांगत असते तर सहिष्णुतेची गरज पडली नसती. एकमत असलेल्यांना एकमेकांना सोसावे लागत नाही. एकनाथांना हे पक्के ठाऊक होते. त्यांच्या ‘हिंदु-तुर्क संवादा’त दोघे एकमेकांच्या देवाची, कर्मकांडाची, शास्त्राची अशी काही सालटी काढतात की आज ते भारूड मोठ्याने वाचले तर दोन्हीकडून तक्रारी दाखल होतील. भांडण पुरते होते आणि मग समेट होतो. सोळाव्या शतकातल्या त्या पैठणच्या ब्राह्मणाला मिठी मारण्यापूर्वी वाद टाळावासा वाटला नाही. त्यांच्याच नावाची पालखी दर आषाढात पैठणहून परंडा, कुर्डू, अरण, करकंब करत पंढरीला जाते. कुर्डू म्हणजे आमच्या कुर्डुवाडीला खेटूनच, आणि अरण हे सावता माळ्याचे गाव. हजारोंचे पाय या रस्त्याला लागतात. त्या भारुडाची आठवण मात्र फारशी कुणी काढत नाही.

आता खरा पूर्वपक्ष. तो ऐकायला लांब जावे लागत नाही. कुर्डुवाडीच्या फलाटावर गाडी अर्धा तास उशिरा आली की ऐकू येतो.

पहिला मुद्दा असा: ‘सहिष्णुता म्हणजे भेकडपणा. आम्ही सोसले म्हणून आमच्यावर वेळ आली. आता धर्म कडक करायला हवा, मुळासारखा शुद्ध.’ हे वाक्य हिंदूच्या तोंडी येते तसेच मुसलमानाच्याही येते. फक्त ‘त्यांच्यामुळे’ म्हणताना बोट उलट दिशेला जाते. दोघांना विचारावे, मूळ म्हणजे नेमके कोणत्या सालचे? पंढरपूरचेच घ्या. अस्पृश्य जातीतले संत चोखोबा १३३८ साली मंगळवेढ्यात गावकुसाच्या कामावर भिंत कोसळून गेले. त्यांची समाधी विठ्ठल मंदिराच्या नामदेव पायरीपाशी आहे. त्या पायरीच्या आत त्यांच्या जातीच्या माणसाला सहाशे वर्षे पाऊल टाकता आले नाही. ते दार उघडावे म्हणून साने गुरुजींनी महाराष्ट्र पालथा घातला आणि १ मे १९४७ पासून पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात उपोषण धरले. दहा दिवस ते चालले. दार उघडण्याला विरोध करणारे मूळ धर्म, मूळ परंपरा, मूळ शास्त्र याचीच भाषा बोलत होते. आणि ते सगळे हिंदू होते. समोर गुरुजीही हिंदू, चोखोबाही हिंदू. त्या उपोषणात मुसलमान किंवा ख्रिस्ती हा शत्रू म्हणून कुठेच नव्हता.

मला जे म्हणायचे आहे ते इथेच आहे. मूलतत्त्ववादी परधर्मीयाच्या नावाने ओरडतो, पण त्याचा पहिला वार घरातल्या माणसावर पडतो. घरातला शंका विचारणारा गप्प बसला की मगच शेजाऱ्याकडे मोर्चा वळवता येतो. खुद्द फॉल्वेल बघा. सोलापूरच्या वर्षभर आधी, सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर दोनच दिवसांनी त्यांनी त्या संकटाचा दोष आपल्याच देशातल्या स्त्रीवाद्यांवर, समलिंगींवर आणि गर्भपाताच्या समर्थकांवर टाकला होता. पैगंबरांची पाळी नंतर आली.

यावर फलाटावरचा माणूस म्हणेल, ‘हे तुम्ही हिंदूंचेच काढता. त्यांच्यात एवढे तरी होते का?’ होते. १८ एप्रिल १९६६ रोजी हमीद दलवाईंनी सात मुसलमान स्त्रियांना घेऊन मुंबईत विधिमंडळावर मोर्चा नेला. मागणी तोंडी तलाक बंद करण्याची. सात. हा आकडा ऐकून हसणारे तेव्हाही होते. १९७० मध्ये त्यांनी पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढले. शिव्याशाप खाल्ले ते स्वतःच्या समाजाकडून. तोंडी तलाक न्यायालयाने रद्द ठरवायला २०१७ उजाडले.

आणि अंधश्रद्धा निर्मूलनाचे काम करणारे नरेंद्र दाभोलकर? २० ऑगस्ट २०१३ रोजी सकाळी फिरायला निघालेल्या या माणसाला पुण्यात गोळ्या घातल्या. दीड वर्षाने कोल्हापुरात कम्युनिस्ट नेते गोविंद पानसरेंना. दाभोलकरांच्या खुनाबद्दल गोळ्या झाडणाऱ्या दोघांना २०२४ मध्ये जन्मठेप झाली. कट कुणाचा, हे त्या निकालाने सिद्ध झाले नाही. दाभोलकरांनी देवाला नाही म्हणा अशी मोहीम काढली नव्हती. देवाच्या नावावर चालणारी फसवणूक ते अडवत होते.

आता एक गंमत पाहा, गंमत म्हणायची तर. दलवाईंचे नाव निघाले की हिंदुत्ववादी सभेत टाळ्या पडतात. दाभोलकरांचे नाव निघाले की त्याच सभेत खुर्च्या सरकतात. उलट बाजूला कित्येक पुरोगाम्यांना दाभोलकर तोंडपाठ, दलवाईंपाशी आले की ‘ही वेळ नाही’. दुसऱ्याच्या घरातला बंडखोर सगळ्यांनाच आवडतो. त्यासाठी काही मोजावे लागत नाही. सहिष्णुतेची परीक्षा घ्यायची तर ती एवढ्याच प्रश्नाने घ्यावी: तुमच्या धर्मातल्या भांडणाऱ्याचे तुम्ही काय केलेत?

दुसरा मुद्दा जास्त चलाख आहे. ‘आम्ही मारत नाही, जाळत नाही, आम्ही फक्त व्यवहार तोडतो. कुणाकडून विकत घ्यायचे हा आमचा हक्क.’ २०२५ च्या फेब्रुवारीत मढीच्या ग्रामसभेने असाच ठराव केला. कानिफनाथांच्या यात्रेत मुसलमान व्यापाऱ्यांना दुकाने लावू द्यायची नाहीत. हेच मढीचे नाथ शाह रमजान माही सवार या नावानेही पूजले गेले आहेत. प्रशासनाने ठराव बेकायदा ठरवून रद्द केला, हे बरे झाले. पण बहिष्कार हे मूलतत्त्ववाद्याचे सर्वांत जुने हत्यार आहे, आणि तेही त्याने आधी घरातच परजलेले असते. गावकीने वाळीत टाकले ते स्वजातीच्याच माणसांना. बोहरा समाजात धर्मगुरूंविरुद्ध बोलणाऱ्याला लग्न, मैत्री, अगदी दफनभूमीही बंद व्हायची. मुंबई राज्याने १९४९ मध्ये त्याविरुद्ध कायदा केला, तो सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये धर्मस्वातंत्र्याच्या नावाने रद्द केला. जातपंचायतींच्या बहिष्काराला कायद्याने आळा घालायला महाराष्ट्राला २०१६ पर्यंत थांबावे लागले. मढीत बांगड्या-रेवड्या विकणाऱ्याचे दुकान उठवणारा आणि बोहऱ्याच्या मयताला जागा नाकारणारा, यांच्यात मला फरक दिसत नाही. दोघेही पोटावर आणि नात्यावर मारतात, कारण वादात टिकण्याची त्यांना खात्री नसते.

आता मंडनाचे. आमचे गाव कुर्डुवाडी हे रेल्वेने वसवलेले. मोठ्या रुळावरच्या स्थानकाचे जुने नाव ‘बार्शी रोड’. १८९७ मध्ये एव्हरार्ड कॅलथ्रोप या इंग्रज अभियंत्याच्या बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी इथून बार्शीला निघाली, १९०६ मध्ये पंढरपूरला पोचली, पुढे लातूर आणि १९२७ मध्ये मिरज. अडीच फुटी रूळ, आणि वारीच्या दिवसांत डब्याच्या दाराला लोंबकळणारी माणसे. कारखाना आला, रेल्वेच्या नोकरीने नाना धर्मांची बिऱ्हाडे आली. तिकीट देताना बाबू जात विचारत नव्हता. म्हणजे १९०६ पासून ज्याच्याकडे पैसे तो विठोबाच्या गावापर्यंत गाडीत बसून जाऊ शकत होता; जातीची भिंत लागायची ती नामदेव पायरीला. पण याचे गोडवे गाताना हेही सांगायला हवे की त्या काळच्या स्थानकांवर ‘हिंदू पाणी’ आणि ‘मुसलमान पाणी’ वेगळे मिळायचे. डबा एक, तहान वेगळी. लोकांनी ते मोडले ते कुणाच्या प्रवचनाने नाही. रोज शेजारी काम करून, उसनवारी करून, आणि पुढे कायद्याच्या धाकाने. कायद्याचा धाक हा शब्द सलोख्याच्या लेखात लोकांना खटकतो. मला खटकत नाही. पंढरपुरातही उपोषणाच्या जोडीला मंदिरप्रवेशाचा कायदा लागलाच. बडवे-उत्पात या तिथल्या पुजाऱ्यांचे हक्क संपायलाही १९७३ चा कायदा आणि २०१४ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला. मने बदलण्याची वाट पाहत बसलो असतो तर पायरी अजून तिथेच अडवून उभी असती.

एक ताजी गोष्ट. बकरी ईद चांद्र महिन्याच्या दहाव्या दिवशी येते, आषाढी अकराव्या तिथीला. मुसलमानी महिना चंद्रकोर दिसल्यावर, म्हणजे हिंदू महिन्याहून एखाद्या दिवसाने उशिरा सुरू होतो, म्हणून ईदचा महिना आषाढात आला की दोन्ही सण एकमेकांवर येऊन आदळतात. २०२२ मध्ये १० जुलैला आले, २०२३ मध्ये २९ जूनला. पंढरपुरासह अनेक गावांतल्या मुसलमानांनी त्या दिवशी कुर्बानी केली नाही, पुढे ढकलली. वर्तमानपत्रांनी ‘सलोख्याचे दर्शन’ असे मथळे दिले. २०२३ मध्येच गणेशविसर्जन आणि ईद-ए-मिलाद एका दिवशी आले, तेव्हा मुंबईत मिलादची मिरवणूक पुढे ढकलली गेली. हे मोठ्या मनाचे आहे, यात शंका नाही. पण दर वेळी सरकणारा एकच आणि कौतुक करणारा दुसराच, याला मी सलोखा म्हणणार नाही. सांगलीच्या गोटखिंडीत मशिदीत गणपती बसतो, माणदेश-मराठवाड्यातल्या कित्येक गावांत मुसलमानाचे एकही घर नसताना हिंदूच मोहरमचे पंजे उचलतात. एकीकडे जागा मुसलमानांनी दिलेली असते, दुसरीकडे हिंदूंनी. आषाढी आणि बकरी ईद पुन्हा अशा एकत्र यायला तीसेक वर्षे लागतील. त्या वेळी कुणी सरकायचे ते आत्ताच, दोन्हीकडची माणसे बसवून ठरवता येईल.

यापुढे जाऊन जोतीराव फुल्यांनी जे मागितले, ते आजही कुणाला पचत नाही. त्यांच्या मृत्यूनंतर १८९१ मध्ये छापलेल्या ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका’त ते एकाच घराची कल्पना मांडतात: बाई वाटल्यास बौद्ध व्हावी, नवरा बायबल वाचून ख्रिस्ती, मुलगी कुराण वाचून मुसलमान, मुलगा सत्यधर्मी, आणि सगळ्यांनी एकमेकांचा द्वेष न करता एका घरात राहावे. दोन समाजांनी शांततेत राहावे एवढेच म्हणणारे पुष्कळ झाले. फुले धर्म निवडण्याचा हक्क समाजाकडून काढून घरातल्या प्रत्येकाच्या हातात देतात, मुलीच्यासुद्धा. फलाटावरचा शेवटचा आक्षेप इथेच उसळतो: ‘असल्याने घर फुटेल.’

फुल्यांचे पुस्तक छापल्यावर चारच वर्षांनी, फेब्रुवारी १८९५ मध्ये, कवी नारायण वामन टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई हिंदूच राहिल्या. नवरा-बायको काही वर्षे वेगळी राहिली, नातलगांनी व्हायचा तेवढा आकांत केला. मग लक्ष्मीबाई परत नवऱ्याच्या घरी आल्या, तेही हिंदू म्हणूनच. सोवळे-ओवळे सांभाळत, भांडत, एका छपराखाली दोन धर्म घेऊन राहिल्या. शिवाशिव त्यांनी सोडली ती स्वतः विचार करून, आणि बाप्तिस्मा घेतला १९०० मध्ये, तोही स्वतःला पटल्यावर. लक्ष्मीबाईंचे ‘स्मृतिचित्रे’ हे आत्मचरित्र या घरातून आले. टिळक ख्रिस्ती झाल्यावरही अभंग लिहीत राहिले, आणि महाराष्ट्रातल्या चर्चांमध्ये त्यांची भजने टाळ-मृदंगावर म्हटली जातात.