टोल देतो, हिशेबही द्या

चौसाळ्यातून कुठंही लांब जायचं म्हटलं की राष्ट्रीय महामार्ग ५२ वर यावंच लागतं. वरच्या बाजूला मांजरसुंबा, बीड, गेवराई करत छत्रपती संभाजीनगर. खालच्या बाजूला येरमाळा, येडशी, धाराशिव, तुळजापूर करत सोलापूर. तिथून हाच रस्ता विजयपूर, हुबळीवरून अंकोल्याच्या समुद्राला जाऊन भिडतो, आणि त्याचं दुसरं टोक पंजाबात संगरूरला आहे. एवढ्या लांबलचक रस्त्याच्या काठावर आमचं गाव वसलंय. बीड ओलांडलं की पाडळसिंगीचा टोलनाका, इकडे खाली पारगावचा. लग्नाला जा, दवाखान्यात जा, बाजाराला माल न्या, चारचाकी घेऊन निघालात की नाका ठरलेला.

रस्ता चांगला झाला, हे आधी मोकळेपणानं सांगितलं पाहिजे. पूर्वी बीडला जाऊन यायचं तर दिवस मोडायचा. चांगल्या रस्त्याचे पैसे द्यायला आमच्या भागातला कुणी कुरकुर करत नाही. फास्टॅगनंही भलं केलं. २०१४ मध्ये अहमदाबाद-मुंबई मार्गावर त्याची सुरुवात झाली, १ डिसेंबर २०१७ पासून नव्या चारचाकीला तो बंधनकारक झाला आणि १५ फेब्रुवारी २०२१ च्या मध्यरात्रीपासून राष्ट्रीय महामार्गांवर टोल भरणाऱ्या सगळ्या गाड्यांना. त्याआधी नाक्यावर काय चालायचं ते अनेकांना आठवत असेल. सुट्ट्या पैशांवरून हुज्जत, सुट्ट्यांऐवजी हातावर टेकवलेली चॉकलेटं, आणि मागं पार लांबवर भोंगे वाजवणाऱ्या मालगाड्या. ते संपलं. आता काचेवरची चिकटपट्टी वाचली जाते, दांडा वर जातो, गाडी निघते. आणि सर्वात मोठी गोष्ट म्हणजे तीच पट्टी महाराष्ट्रात चालते, कर्नाटकात चालते, तेलंगणातही चालते.

आमच्या भागासाठी या गोष्टीचं मोल निराळं आहे. बीड आणि धाराशिव जिल्हे १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या राज्यात होते, तर शेजारची बार्शी इंग्रजी अमलात. म्हणजे चौसाळ्याच्या माणसानं बार्शीच्या बाजारात माल नेला तरी तो परराज्यात जायचा. वाटेत करोडगिरीचा नाका लागायचा, मालावर जकात भरावी लागायची, आणि पैसाही बदलायचा: इकडे हाली शिक्का, तिकडे कलदार रुपया. आज तोच माणूस एका पट्टीवर तीन राज्यं ओलांडतो, हे लहान काम नव्हे. ज्यांनी ही व्यवस्था उभी केली त्यांचं कौतुक करावं तेवढं थोडं.

पण पैसे घेण्याची सोय तीन राज्यांत एकसारखी झाली, तशी हिशेब विचारण्याची सोय झालेली नाही. आज लिहायचं ते याबद्दल.

आमच्या गल्लीत एक टेम्पोवाले काका आहेत. बालाघाटच्या डोंगरात सीताफळ पिकायला लागलं की त्यांच्या हैदराबादच्या खेपा सुरू होतात. बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याला भाव बाहेरगावी चांगला, आणि फळ असं नाजूक की रात्रीतून मंडईत पोचलंच पाहिजे. संध्याकाळी गाडी भरायची, पारगाव ओलांडायचं, तुळजापूरहून नळदुर्गला सोलापूर-हैदराबाद महामार्ग धरायचा. मग फुलवाडी, तलमोड हे आपल्याकडचे नाके, कर्नाटकात मंगलगी, तेलंगणात कमकोल. काकांच्या गाडीत स्टिअरिंगच्या वरच्या फळीवर शाळेची एक वही असते. तीत दर खेपेला एक उभी ओळ: ‘पार, फुल, तल, मंग, कम’. प्रत्येकापुढं आकडा. भाड्याचा हिशेब मालकाला द्यायचा तो या वहीवरून. मोबाईलवर कापणीचा संदेश येतो, पण तो इंग्रजीत. काका त्यातला आकडा तेवढा ओळखतात आणि वहीत उतरवतात. नाक्याचं नाव, वेळ, शिल्लक हे घरी आल्यावर मुलगी वाचून दाखवते.

गेल्या हंगामात एके दिवशी त्यांची गाडी दारात उभी होती, आणि परराज्यातल्या एका नाक्यावर टोल कापल्याचा संदेश आला. काका मोबाईल घेऊन माझ्याकडे आले. म्हणाले, “पैशे गेल्याचं काही नाही सर. पण गाडी दारात हुबी असताना गेले म्हणल्यावर इचारावं कुणाला?”

हा प्रश्न साधा वाटतो, पण त्याचं उत्तर शोधताना आमची पुरती दमछाक झाली. बँकेच्या क्रमांकावर फोन लावला, बराच वेळ बटणं दाबली, तेव्हा कुठं माणूस बोलायला आला. त्याला मराठी येत नव्हतं, काकांना हिंदी जेमतेम. गाडीचे फोटो पाठवा, नोंदणीपत्र पाठवा, तक्रार क्रमांक लिहून घ्या. पैसे शेवटी आले. मात्र काकांबरोबर कागद भरायला कुणी बसलं नसतं तर ते आले असते असं मला वाटत नाही.

अशी चूक होते कशी, हे समजून घेतलं पाहिजे. नाक्यावरचं यंत्र पट्टी वाचतं आणि ती माहिती नाक्याच्या बँकेकडे जाते. तिथून ती राष्ट्रीय पेमेंट्स महामंडळाच्या यंत्रणेतून पट्टी देणाऱ्या बँकेकडे पोचते आणि आपल्या खात्यातून पैसे वळते होतात. पट्टी वाचली गेली नाही, तर नाक्यावरचा माणूस गाडीचा क्रमांक हातानं टाकतो. एक आकडा चुकला की दुसऱ्याच कुणाच्या खात्याला कात्री लागते. महामार्ग प्राधिकरणालाही हे ठाऊक आहे. म्हणूनच चुकीची कापणी सिद्ध झाली तर वसुली करणाऱ्याला प्रत्येक प्रकरणात १ लाख रुपये दंड ठेवला आहे. दंड योग्यच आहे. पण ज्याला संदेशच वाचता येत नाही, त्याची तक्रार मुळात नोंदली जाणार कशी?

म्हणून दोन गोष्टी प्रत्येक चालकानं पाठ कराव्यात. नाका कुठल्याही राज्यातला असो, तक्रार करायची ती आपल्याला पट्टी देणाऱ्या बँकेकडे. आणि राष्ट्रीय महामार्गावर अडचण आली तर १०३३ हा क्रमांक फिरवायचा. आणखी एक नियम २०१८ पासून आहे, तो फार थोड्यांना माहीत आहे. पट्टी चालू आहे, खात्यात पैसे आहेत, पण नाक्याचंच यंत्र बिघडलेलं आहे, तर गाडी पैसे न घेता सोडायची आणि शून्य रकमेची पावती द्यायची. अशा वेळी कुणी रोख मागितली तर देऊ नका, पावती मागा. परमुलखात, रात्री दोन वाजता, मागं गाड्यांची रांग लागलेली असताना हे बोलायला धीर लागतो. नियम ठाऊक असला की तो धीर येतो.

सवलतींचंही तसंच. २४ तासांच्या आत परत आलात तर परतीचा टोल निम्मा पडतो. पण मंडईत गाडी खाली व्हायला उशीर झाला की ही सवलत हातची जाते, म्हणून निघताना घड्याळ बघूनच निघावं. नाक्यापासून २० किलोमीटरच्या आत राहणाऱ्यांच्या खासगी गाडीला स्वस्त मासिक पास मिळतो. २०२५-२६ साठी तो ३५० रुपयांचा होता. पारगावचा नाका चौसाळ्यापासून त्या अंतरात येतो. दर १ एप्रिलला दर बदलतात, तेही नाक्यावरचा फलक थांबून वाचल्याशिवाय कळत नाही.

आणि इथंच आमच्या गावाचं एक खास दुखणं आहे. टोलनाका ज्या जिल्ह्यात, त्याच जिल्ह्यात नोंदलेल्या व्यावसायिक गाडीला, तिला राष्ट्रीय परवाना नसेल तर, निम्म्या दराची सवलत आहे. पारगाव धाराशिव जिल्ह्यात, वाशी तालुक्यात येतं. चौसाळा बीड जिल्ह्यात. आमच्या गाड्या एमएच २३, तिकडच्या एमएच २५. म्हणजे उमरग्याहून, अगदी कर्नाटकाच्या सीमेवरून आलेला टेम्पो पारगावला ‘स्थानिक’, आणि ज्या टेम्पोला तो नाका जवळजवळ रोज लागतो तो चौसाळ्याचा टेम्पो मात्र परका. राज्याच्या सीमा पट्टीनं मिटवल्या आणि जिल्ह्याची सीमा तेवढी जागेवर राहिली, हे न पटणारं आहे. खासगी गाडीला जसं अंतर धरलं, तसंच व्यावसायिक गाडीलाही धरावं. हा बदल करायला एक अधिसूचना पुरेशी आहे.

राज्याबाहेर निघणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी: रस्ता कुणाचा, यावर नियम ठरतात. १५ ऑगस्ट २०२५ पासून खासगी कार-जीपसाठी वार्षिक पास आला आहे, सुरुवातीला तो ३००० रुपयांचा होता. वर्षभर किंवा २०० फेऱ्या, जे आधी संपेल ते. तो घेतलेल्या माणसाला वाटतं की आता देशभर मोकळीक. पण तो चालतो फक्त राष्ट्रीय महामार्गांवर आणि राष्ट्रीय द्रुतगती मार्गांवर. समृद्धी महामार्गानं नागपूरला निघालात, पुणे-मुंबई द्रुतगती मार्ग धरलात, किंवा हैदराबादच्या बाह्यवळण रस्त्यावर चढलात, तर ते रस्ते त्या-त्या राज्याच्या अखत्यारीतले. तिथं खात्यातून नेहमीसारखे पैसे कापले जातात. टेम्पो-ट्रकला तर हा पास नाहीच.

रिचार्जचंही असंच आहे. पट्टी काळ्या यादीत गेली असेल तर आयत्या वेळी पैसे भरून भागेल का, यावर फेब्रुवारी २०२५ मध्ये मोठा गोंधळ उडाला होता. तेव्हा प्राधिकरणानं खुलासा केला की राष्ट्रीय महामार्गांवर नाका ओलांडण्याआधी केव्हाही भरलं तरी चालतं. मात्र काही राज्य महामार्गांवर जुनी पद्धत सुरू होती आणि तिथं खात्याची ताजी स्थिती उशिरा कळायची. तेव्हा परराज्याच्या वाटेवर शिल्लक घरूनच बघून निघावं. १५ नोव्हेंबर २०२५ पासून चालू पट्टी नसेल तर रोखीनं दुप्पट आणि यूपीआयनं सव्वापट टोल लागू झाला. सव्वापट हा दिलासा आहे खरा, पण पाच नाक्यांवर सव्वापट भरलं की फळाच्या खेपेतला नफा तेवढ्यानं घटतो.

जगात इतरत्रही हे कोडं पूर्ण सुटलेलं नाही. न्यू जर्सीत राहणाऱ्या आपल्या मराठी कुटुंबांना ईझीपास परिचयाचा आहे. न्यूयॉर्कच्या थ्रूवेवर तो १९९३ मध्ये सुरू झाला, पुढं अनेक राज्यांनी एकत्र येऊन तो आपलासा केला. तरी कॅलिफोर्नियाची पद्धत आजही वेगळी आहे. या बाबतीत आपण पुढं आहोत. मात्र अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी नाका नाही, दांडा नाही. क्रमांकपट्टीचा फोटो निघतो आणि बिल घरी येतं. त्याचाच फायदा घेऊन तिथं ‘तुमचा टोल थकलाय’ असे खोटे संदेश पाठवणारे भामटे माजले. आपल्याकडेही फास्टॅगच्या केवायसीच्या नावाखाली असे दुवे येतात. ते उघडू नयेत, घरातल्या म्हाताऱ्यांनाही तसं सांगून ठेवावं.

हे सांगण्याचं कारण म्हणजे ती बिनदांड्याची पद्धत आता आपल्या दाराशी आली आहे. गुजरातमध्ये सुरतजवळ चोर्यासी नाक्यावर अशा मुक्त वसुलीसाठी ऑगस्ट २०२५ मध्ये करार झाला. वेग न कमी करता गाडी जाईल, पैसे वरच्यावर कापले जातील. डिझेल वाचेल, वेळ वाचेल, मी तिचं स्वागतच करतो. पण आज नाक्यावर निदान एक खिडकी आहे आणि खिडकीत एक माणूस आहे. उद्या तीही नसेल. मग आमच्या काकांनी विचारायचं कुठं?

म्हणून नाके हटण्याआधी या चार गोष्टी व्हाव्यात. कापणीचा संदेश चालकानं निवडलेल्या भाषेत यावा. बँकांना हे अवघड नाही. तक्रार मराठीतून ऐकून घेणारा माणूस फोनवर मिळावा, नाका कर्नाटकातला असला तरी. चुकून कापलेले पैसे, चूक लक्षात येताच, कागद न मागता ठरलेल्या दिवसांत परत जमा व्हावेत. कापायला जर एक क्षण लागतो तर परत द्यायला महिना का लागावा? आणि गावोगावच्या सेवा केंद्रांत महिन्याचा छापील हिशेब मिळावा: कुठला नाका, किती वाजता, किती रुपये, कुठली सवलत लागू झाली आणि कुठली नाही.

यातली एकही मागणी टोल माफ करा अशी नाही. आमच्या भागातली माणसं ऊसतोडीला कर्नाटकात जातात, सीताफळ घेऊन तेलंगणात जातात, घाम गाळून कमावतात आणि रस्त्याचे पैसे चोख भरतात. ज्यांच्या खात्यातून न विचारता पैसे घेण्याचा अधिकार सरकारनं मिळवला, त्यांना त्यांच्या भाषेत हिशेब देणं हे सरकारचं कर्तव्य आहे. बीड आणि धाराशिवच्या खासदारांनी हा विषय संसदेत लावून धरावा, आणि पहिली दुरुस्ती पारगावच्या नाक्यावर चौसाळ्याच्या टेम्पोला स्थानिक मानण्याची व्हावी.