लेसरने हिरडी बधिर होते का?

दाढ काढायची म्हटली की निम्मी भीती सुईचीच असते. म्हणून ‘सुई नको, लेसरने हिरडी बधिर करू’ असे कोणी सांगितले, की ते आपल्याला चटकन पटते. विद्यार्थी मित्रहो, पटवून घेण्यापूर्वी एक प्रश्न विचारा : कोणता लेसर?

लेसर हे काही एकाच किरणाचे नाव नव्हे. १९६० साली थिओडोर मेमन यांनी माणकाच्या कांडीतून पहिला लेसर किरण मिळवला, तो ६९४ नॅनोमीटर तरंगलांबीचा, तांबडा. दंतवैद्य वापरतात त्यांपैकी निओडिमियम लेसरचा १०६४ नॅनोमीटरचा किरण हिरडीत काही मिलिमीटर शिरतो. अर्बियमचा २९४० नॅनोमीटरचा किरण मात्र पाणी इतक्या हावरेपणाने शोषते, की तो पृष्ठभागापाशीच संपतो. थोडे गणित करा. १०० मिलिज्यूल म्हणजे सुमारे ०.०२४ कॅलरी. एवढी उष्णता १ मिलिग्रॅम पाण्यात पसरली तर तापमान २४ अंश सेल्सिअसने चढेल; तीच ०.०१ मिलिग्रॅममध्ये कोंडली तर त्या पाण्याची क्षणात वाफ होईल. ऊर्जा तीच, पण एकीकडे ऊब आणि दुसरीकडे काप!

सुईतल्या लिग्नोकेनचे काम आपल्याला चांगले ठाऊक आहे. सोडियमचे आयन मज्जातंतूत शिरण्याच्या वाटा ते अडवते, त्यामुळे वेदनेचा संदेश पुढे जात नाही. लेसरचा मंद मारा मज्जातंतूवर नेमके काय करतो, याविषयी तज्ज्ञांत एकमत नाही. १९६५ साली अमेरिकेत डॉ. लिऑन गोल्डमन यांनी आपल्या दंतवैद्य भावाच्या दातावर माणकाच्या लेसरचे दोन स्पंद सोडले, आणि भावाला दुखले नाही. पण एक भाऊ आणि एक दात एवढ्यावर नियम बांधता येत नाही. शिवाय वेदना मोजायला तापमापकासारखे साधन नाही. रोग्यालाच विचारावे लागते. नव्या यंत्रावर विश्वास बसलेल्या माणसाला थोडे कमीच दुखते.

इथे पदार्थविज्ञान मदतीला येते. निओडिमियमचा किरण अवरक्त, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा. दिसतो तो नेम धरण्यासाठी सोबत सोडलेला तांबडा ठिपका. मग चिठ्ठ्या टाकून निम्म्या रोग्यांवर खरा किरण सोडा, निम्म्यांवर नुसता ठिपका. शक्ती ऊब जाणवणार नाही इतकी कमी ठेवा. कळ तिसऱ्याच माणसाच्या हाती द्या, म्हणजे डॉक्टरांनाही पत्ता लागणार नाही. खोट्या लेसरशी अशी तुलना करणारे प्रयोग झालेही आहेत. काहींत फरक दिसतो, काहींत दिसत नाही. म्हणून माझे मत असे, की दाढ काढताना लेसरच्या भरवशावर सुई नाकारू नये. अंदाज चुकला तर कळवळायचे असते रोग्याला, यंत्र विकणाऱ्याला नव्हे.

आणि हो, प्रयोगात गडद चष्मा दोन्ही गटांना हवा. न दिसणाऱ्या किरणापुढे पापणी मिटत नाही, आणि १०६४ नॅनोमीटरचा किरण थेट दृष्टिपटलापर्यंत पोचतो.