दिवाणखाना पाहुण्यांचा, घर कुणाचे?

आपल्या मोहल्ल्यात एखादे घर नव्याने बांधले किंवा रंगवले जात असेल, तर आत जाऊन एकदा खर्चाचा हिशेब विचारा. हॉलला पीओपीचे फॉल्स सीलिंग, त्यात निळ्या-जांभळ्या एलईडी पट्ट्या, टीव्हीच्या मागे संगमरवरासारखा दिसणारा पीव्हीसी पॅनल, थ्री-प्लस-वन-प्लस-वनचा सोफा, काचेचे शोकेस, सोनेरी चौकटीत आयतुल कुर्सी. मग विचारा, स्वयंपाकघरात काय केले? ‘ते नंतर बघू.’ मुलांच्या अभ्यासाची जागा कुठे? ‘बसतात की पलंगावर!’ हे ‘नंतर’ पुढची दहा-पंधरा वर्षे उजाडत नाही. तोवर सीलिंगमधल्या निम्म्या पट्ट्या बंद पडलेल्या असतात आणि सोफ्याचे रेक्झिन फाटलेले असते.

माझे म्हणणे सरळ आहे. आपण घर सजवत नाही, हॉल सजवतो. आणि तोही स्वतःसाठी नाही. जे लोक वर्षातून चार वेळा अर्धा तास येतात त्यांच्यासाठी घरातली सगळ्यात मोठी, सगळ्यात हवेशीर, रस्त्याकडे खिडकी असलेली खोली राखून ठेवायची. जे चोवीस तास तिथे राहतात, त्यांनी उरलेल्या जागेत अंग चोरून जगायचे. याला कुणी हौस म्हणते, कुणी मेहमाननवाजी. मी याला अन्याय म्हणते. तो मुख्यतः बायकांवर आणि मुलांवर होतो, म्हणून त्याची चर्चा होत नाही.

शिक्षकाची नोकरी अशी आहे की घरोघरी जावेच लागते. पटनोंदणी असो, शाळाबाह्य मुलांचे सर्वेक्षण असो, मतदार यादी असो, दार वाजवायला शिक्षकच. त्यामुळे शेकडो घरांचे हॉल मी पाहिले आणि बाई असल्यामुळे आतल्या खोल्याही पाहिल्या. पुरुष शिक्षकाला हॉलपुढे काही दिसत नाही. आत काय असते? दहावीची मुलगी पलंगावर पालथी पडून, उशीवर वही ठेवून भूमितीची आकृती काढत असते. तिच्या डोक्यावर एक बल्ब, तोही पाठीमागून, म्हणजे तिचीच सावली वहीवर. शेजारी धाकटा भाऊ झोपलेला. हॉलमध्ये ट्यूबलाइट, पंखा, खिडकी, सगळे आहे. पण कुणी आले की ‘बेटी, अंदर जाओ’ हे ठरलेले. मग हेच पालक शाळेत येऊन विचारतात, हिचे अक्षर इतके खराब का, हिचे लक्ष का लागत नाही? अहो, तिला बसायला जागा तर द्या.

आता मुद्दा पडद्याचा. आपल्या बहुतेक घरांत परका पुरुष आला की बायका आत जातात. हे योग्य की अयोग्य, तो वाद आज बाजूला ठेवू. जे घर पडदा पाळते, त्याच घराला विचारते: आत म्हणजे कुठे? जुन्या घरांत याचे उत्तर होते. आमच्या मराठवाड्यातली माळवदाची घरे आठवा. जाड भिंती, मधोमध आंगण, भोवती दालान, भिंतीत ताक. मराठीत ज्याला कोनाडा किंवा देवळी म्हणतात, तोच आपला ताक. बैठक बाहेरच्या बाजूला होती, पण आभाळ आतल्या बाजूला होते. बाई आत गेली तरी तिला ऊन, वारा, पाऊस मिळत असे. धान्य वाळवायला, केस सुकवायला, शेजारणीशी बोलायला मोकळी जागा मिळत असे. घर बांधणाऱ्याला एवढे कळत होते की बाईला आत ठेवायचे असेल, तर आत जगण्यासारखे काही असले पाहिजे.

आपण काय केले? पडदा ठेवला आणि आंगण काढून टाकले. आता ‘आत’ म्हणजे आठ बाय सातचे स्वयंपाकघर, ज्याची एकुलती खिडकी शेजारच्या भिंतीकडे उघडते, आणि तीही बऱ्याचदा डबे ठेवायच्या मांडणीने झाकलेली. पडदा पाळणाऱ्या घरात आतली खोली सगळ्यात मोठी, सगळ्यात उजेडाची हवी. आपल्याकडे नेमके उलटे आहे. मे महिन्यात, बेचाळीस अंशाच्या उन्हात, गॅससमोर उभी राहून जी पन्नास पोळ्या लाटते तिला एक्झॉस्ट पंखा नाही, आणि हॉलमध्ये रिकाम्या सोफ्यावर पंखा फिरतो आहे. याला शराफत म्हणायचे असेल तर तुम्ही म्हणा.

दुसरा मुद्दा जहेजचा. आपल्या खोल्यांची रचना खरे तर कुणी करत नाही, ती टेम्पोतून येते. दहा बाय दहाची खोली घ्या, म्हणजे शंभर चौरस फूट. सहा बाय साडेसहाचा डबलबेड एकोणचाळीस फूट खातो. चार बाय दोनची अलमारी आठ. सिंगारदान चार. अर्धी खोली गेली, आणि अलमारीचे दार उघडायचे तर उरलेल्यातलीही जागा मोकळी ठेवावी लागते. शोकेस हॉलमध्ये जाते. त्यात कधी न वापरायचा डिनर सेट. मुलीच्या बापाने कर्ज काढून घेतलेले हे सामान मुलीच्याच श्वासाची जागा अडवून बसते. नमाजच्या वेळी ती मुसल्ला कुठे अंथरते, पाहिले आहे का? पलंग आणि अलमारीच्या मधल्या बोळात, सजद्यात कोपर लाकडाला लागते. हुंडाबंदीचा कायदा १९६१ सालचा आहे. शरीयतने नवऱ्यावर महर बंधनकारक केला आहे. मुलीच्या बापाने टेम्पो भरून पाठवावा, असे कुठेही सांगितलेले नाही. तरीही निकाहच्या आदल्या दिवशी फर्निचर गल्लीतून मिरवत येते, आणि पुढची वीस वर्षे त्या घराचा नकाशा तेच ठरवते.

तिसरा मुद्दा ओळखीचा. अलीकडे ‘इस्लामी डेकोर’ नावाची एक नवी हौस आली आहे. तुर्की मालिका पाहून तुर्की दिवे, एमडीएफ फळीवर मशीनने कापलेली जाळी, तिच्या मागे पिवळा एलईडी. ही जाळी कुठे बसवतात? बंद भिंतीवर! जाळी म्हणजे काय, हे तरी आपल्याला आठवते का? औरंगाबादला बीबीच्या मकबऱ्यात कबरीभोवती संगमरवराची जाळी आहे. अहमदाबादच्या सिदी सैयद मशिदीची जाळी जगभर नावाजलेली आहे. दगडातून वारा आत यावा, उजेड चाळून यावा, आतल्याला बाहेरचे दिसावे आणि बाहेरच्याला आतले दिसू नये, यासाठी कारागिरांनी ती घडवली. ती पडद्याची आणि हवेची एकाच वेळी काळजी घेत होती. आपण खिडकी विटांनी बुजवतो, तिच्यावर जाळीचे चित्र चिकटवतो आणि म्हणतो, ही आमची तहजीब.

आणि ओळख शोधायला तुर्कस्तानला कशाला जायचे? मराठी घराची भाषाच ऐका. दिवाणखाना, पडदा, गालिचा, जाजम, तक्क्या, खुर्ची, तावदान, जिना, फरशी, हौद, कुलूप. हे सगळे शब्द फारसी-अरबीतून आले आणि महाराष्ट्रातल्या प्रत्येक घरात राहिले, मग ते घर कुणाचेही असो. आपले घर या मातीत कधीचे रुजलेले आहे. ते सिद्ध करायला ऑनलाइन मागवलेल्या प्लॅस्टिकच्या मेहराबीची गरज नाही. सोलापूरची चादर, औरंगाबादचा हिमरू, बिदरचे बिदरी काम, हे आपल्याच माणसांच्या हातचे. मालेगाव-भिवंडीत दिवसरात्र माग चालतात, आणि त्याच गावांतल्या हॉलला चकचकीत पॉलिस्टरचे पडदे, ज्यांतून ना हवा जाते ना घाम सुकतो.

दीनचे नाव या सजावटीत फार घेतले जाते, म्हणून दीन काय सांगतो तेही पाहू. सूरह नहलमध्ये घराचा उल्लेख अल्लाहची नेमत म्हणून येतो, आणि ती नेमत आहे राहणाऱ्याला मिळणारा सुकून. पाहणाऱ्याचे कौतुक तिथे कुठेच नाही. सूरह बनी इस्राईलमध्ये उधळपट्टी करणाऱ्याला शैतानाचा भाऊ म्हटले आहे. सूरह नूरमध्ये तर घरातल्या घरात परवानगीचा नियम आहे: फजरआधी, दुपारी विश्रांतीच्या वेळी आणि इशानंतर लहान मुलांनीही विचारून आत यावे. म्हणजे प्रत्येकाला स्वतःचा आडोसा हवा, हे चौदाशे वर्षांपूर्वी सांगितले आहे. मुले दहा वर्षांची झाली की त्यांची अंथरुणे वेगळी करा, असे हदीसमध्ये आहे. सहीह मुस्लिममधली एक हदीस तर आपल्या फर्निचरच्या दुकानांत टांगण्यासारखी आहे: एक बिछाना नवऱ्याचा, एक बायकोचा, एक पाहुण्याचा आणि चौथा शैतानाचा. नीट पाहा, पाहुण्याला त्यात जागा आहे, पण ती घरच्यांच्या नंतर आहे. आपल्या घरांत घरच्यांचे बिछाने रात्री दाटीवाटीने पडतात आणि सोफा मात्र कव्हर घालून झाकलेला असतो.

आता आक्षेप. पहिला: ‘जागाच नाही हो, आम्ही काय करणार?’ हे खरे आहे, आणि ते का खरे आहे तेही मला माहीत आहे. शहरात आपल्या नावाला भाड्याने घर मिळत नाही, सोसायटीत फ्लॅट मिळत नाही. १९९२-९३ नंतर मुंबईतून किती कुटुंबे मुंब्र्याला गेली, हे सर्वांना ठाऊक आहे. दाट वस्त्या आपण हौसेने निवडलेल्या नाहीत. पण जागा कमी आहे म्हणूनच माझा राग जास्त आहे. ज्याच्याकडे तीन हजार फूट आहेत त्याने एक खोली शोभेला ठेवली तर फार बिघडत नाही. ज्याच्याकडे तीनशे फूट आहेत, त्याने त्यातले सव्वाशे पाहुण्यांच्या नावावर करणे हा घरच्यांचा हक्क मारणे आहे.

दुसरा: ‘गरिबाने सुंदर राहू नये का?’ जरूर राहावे. अल्लाह सुंदर आहे आणि त्याला सौंदर्य आवडते, हेही हदीसमध्येच आहे. पण सुंदर म्हणजे काय? चुन्याने उजळलेली भिंत, धुतलेली सतरंजी, खिडकीतला मोगरा, पुस्तकांची फळी, हे सुंदर नाही का? राष्ट्रीय इमारत संहितेत राहत्या खोलीची उंची किमान २.७५ मीटर, म्हणजे ९ फूट सांगितली आहे. आपल्या नऊ फुटी खोलीत सहा-आठ इंच खाली सीलिंग उतरवले की पंखा डोक्यावर येतो आणि हवा कोंडते. वरच्या मजल्यावर स्लॅब तापतो म्हणून केले, असे सांगतात. मग गच्चीला पांढरा रंग द्या. ऊन स्लॅबपर्यंत पोचायच्या आधीच परत जाते आणि खर्च सीलिंगच्या कितीतरी कमी. अहमदाबाद महापालिकेने गरीब वस्त्यांच्या छपरांवर हाच उपाय केला आहे.

तिसरा: ‘रिश्ते येतात, लोक हॉल बघतात.’ जे लोक सीलिंग बघून मुलगी पसंत करतात, त्यांच्या घरात तिला कुठे बसवतील, याचा विचार करा.

मग करायचे काय? आधी हवा. हवा आत यायला एक आणि बाहेर जायला एक, अशा दोन वाटा लागतात. टीव्ही युनिटमागे बुजवलेली खिडकी आणि प्लायने झाकलेला झरोका उघडा. इमारत संहिता आपल्यासारख्या कोरड्या उष्ण भागात जमिनीच्या एक दशांश इतकी खिडकी मागते. दहा बाय दहाच्या खोलीला दहा चौरस फूट. डास येतात तर जाळी लावा, खरी, तारेची. मग स्वयंपाकघर: एक्झॉस्ट पंखा, ओट्यावर सावली पडणार नाही असा दिवा, आणि ओट्याची उंची तिथे उभ्या राहणाऱ्या बाईच्या कोपराखाली चार बोटे, मिस्त्रीच्या सवयीप्रमाणे नव्हे. मग अभ्यास: भिंतीला बिजागरीने लावलेली तीन बाय दीडची फळी, काम झाले की खाली पडते. दिवा डावीकडून. उर्दू उजवीकडून लिहितात तरी कलम उजव्याच हातात असते, सावली टाळायला उजेड डावीकडूनच लागतो. सोफ्याऐवजी भिंतीलगत तख्त, गादी, लोड. रात्री तिथे दोघे झोपतात, दुपारी मुलगी वाचते, संध्याकाळी दस्तरखान पसरतो आणि सगळे एकत्र जेवतात. आज सोफ्यामुळे दस्तरखानाला जागा नाही, म्हणून पुरुष आधी आणि बायका नंतर, स्वयंपाकघरात. ही रीत दीनमधून आलेली नाही, फर्निचरमधून आलेली आहे.

पाहुणा त्याच तख्तावर बसेल. त्याला चहा मिळेल, आदर मिळेल. शेजारी एखादी मुलगी वही घेऊन बसलेली दिसली तर त्याचा अपमान होत नाही.

रमजानच्या आधी पुष्कळ घरांत रंगकाम निघते. यंदा पेंटरला बोलावण्याआधी एक करा. घरातल्या बाईला आणि मुलांना एकेक करून विचारा, तुला या घरात कुठे बसावेसे वाटते? ज्याला जागा सांगता येणार नाही, पहिला पैसा त्याच्यासाठी खर्च करा. हॉल नंतर बघू.